मदत हवी आहे: शनिवारी आठ मैत्रिणी घरी येताहेत

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते. कॉलेजच्या मैत्रिणी बऱ्याच वर्षांनी भेटणार आहेत. मला ओट्यापाशी तळत उभं राहायचं नाही, त्यांच्यात बसायचंय. मोजकंच पण देखणं काय ठेवू?

भडंग नक्की, भरपूर लसूण तेलात खरपूस करून. साताऱ्याहून कंदी पेढे येताहेत. प्यायला कोकम सरबत. अडतंय ते सुरळीच्या वड्यांवर. दुपारी करून ठेवल्या की संध्याकाळपर्यंत सुकतात. गेल्या वेळी कडा पार वाळून तडकल्या होत्या. ओलं फडकं घालू की डब्यात बंद करू? फोडणी, खोबरं आयत्या वेळीच घालायचं ना?

आणि एकीला खवा पचत नाही. तिच्यासाठी आपले बेदाणे घालून काही गोड सुचवाल का?