हत्तींच्या शेजारात राहताना : तुमचे अनुभव लिहा

२००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात हत्ती उतरले. तेव्हा सगळ्यांना वाटलं, येतील तसे जातील. आता तिलारी खोऱ्यात जन्मलेली पिल्लंही आहेत. पेपरात फक्त नुकसानीचे आकडे येतात. हत्ती वागतात कसे, हे शेजारी राहणाऱ्यांनीच सांगावं.

तिलारी खोरं, बागायतदार
हत्ती माड एकदम पाडत नाही. आधी सोंडेने चाचपतो, मग कपाळ टेकवून रेटा देतो, थांबतो, पुन्हा रेटतो. माड आडवा झाला की शेंडा पायाखाली फोडून आतला कोवळा गाभा तेवढा खातो. झावळ्या, नारळ तसेच पडलेले. भरपाई मिळते ती झाडामागे. लावल्यापासून सहा-सात वर्षं शिंपण केलं, त्याचा हिशोब कुठल्या अर्जात लिहायचा? तरीही ते इथून हाकलावेत असं मला वाटत नाही. त्यांना वर जंगलात पोटभर बांबू आणि पाणी मिळायला हवं.

माणगाव खोरं, कुडाळ
आमच्याकडे २०१५ मध्ये तीन हत्ती पकडले. रात्रीची झोप परत आली, हे खरं. पण पकडलेल्यांपैकी सगळेच काही जगले नाहीत. साखळदंडातला हत्ती मी जवळून पाहिलाय. एक पाय उचलायचा, ठेवायचा, दिवसभर तेच. पुन्हा तोच उपाय नको.

मोर्ले परिसर, काजू बाग
एप्रिल २०२५ मध्ये आमच्या गावात बागेकडे निघालेल्या शेतकऱ्याचा हत्तीने जीव घेतला. त्यानंतर आम्ही उजाडल्याशिवाय काजू गोळा करायला जात नाही. फटाके लावू नका, कळकळीने सांगते. कळप बिथरून फुटतो आणि कुठला हत्ती कुठून येईल सांगता येत नाही. आमची आजी म्हणायची, "बोंब मारू नको, गप बाजूक हो, तेका वाट दी." कान फाकवून, सोंड वर करून तो जागीच थांबला, तर तो तुमचा वास घेतोय. तेव्हा पुढे पाऊल टाकायचं नाही, मोबाईल तर काढायचाच नाही.

हेवाळे
सुळेवाला नर बहुधा एकटा फिरतो, माद्या-पिल्लं एकत्र असतात. पिल्लू सोबत असलं की मादी सगळ्यात धोकादायक. आमच्या वाडीचा व्हॉट्सॲप गट आहे. सोनावल, केंद्रे, बांबर्डे इथल्यांना यायचं असेल तर इथेच कळवा. हत्ती कुठल्या बाजूला आहे हे संध्याकाळी कळलं, तर रात्री बॅटरी घेऊन पाण्याच्या पाळीला कुणी एकटं जाणार नाही.