हँडलोडिंगचं सॉफ्टवेअर एक सांगतंय, क्रोनोग्राफ दुसरं, आणि गोळी लागतीय तिसरीकडेच

उद्यमबागचा_फिटर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचाच, उद्यमबागेत सीएनसीवर आहे. बंदुकीशी माझा संबंध म्हणजे दसऱ्याला मामांची १२ बोअर पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतात तेवढाच. भानगड आतेभावाची आहे. तो अमेरिकेत डेन्व्हरला असतो, तिथं लोकं स्वतःची रायफलची काडतुसं घरीच भरतात, चालतं तिकडं, दुकानात पितळी केस, प्राइमर, पावडर, बुलेट सगळं सुटं मिळतं म्हणे. त्याची .३०८ आहे, १७५ ग्रेनची सिएरा मॅचकिंग बुलेट वापरतो (ग्रेन म्हणजे दाणे नव्हेत, वजन आहे, ७,००० ग्रेनचा एक पौंड, हे मला पण आत्ताच कळलं).

तर त्यानं क्विकलोड नावाचं सॉफ्टवेअर घेतलंय. केस, बुलेट, पावडर सगळं भरलं की नळीतला दाब किती आणि गोळी किती स्पीडनं बाहेर पडणार ते सांगतं. ते म्हणतंय २,७०० फूट पर सेकंद. क्रोनोग्राफवर (गोळीचा स्पीड मोजायचं यंत्र) मोजलं तर सरासरी २,६४०. बरं, गोळी हळू जातीय तर लांबवर खाली लागायला पाहिजे ना? त्यानं मोबाईलच्या बॅलिस्टिक ॲपमध्ये मोजलेला २,६४० च टाकला आणि ८०० यार्डावर मारलं तर गोळ्या सांगितल्यापेक्षा दीड फूट वर लागायल्यात. दादाचं डोकं फिरलंय. आता म्हणायलाय की पावडर थोडी वाढवून २,७०० गाठतो मग सगळं जुळेल. तू आकडेमोडीतला माणूस आहेस, एक्सेल बघून सांग म्हणून फाईल पाठवलीय. मला फक्त एवढं दिसतंय की ५ गोळ्यांच्या स्पीडचा एसडी (सरासरीपासून आकडे किती पसरलेत ते) ८ आलाय आणि तो त्यावर लई खूश आहे. कोणाला यातलं कळतं का?

निपाणी_१०मीटर

पहिलं काम, दादाला आत्ताच्या आत्ता फोन लाव आणि सांग पावडर वाढवू नको म्हणावं. सॉफ्टवेअरच्या आकड्याला गाठायचं म्हणून कधी पावडर वाढवायची नसते. सॉफ्टवेअरला त्याची नळी माहीतच नाही, त्याला फक्त आपण भरलेलं माहीत. .३०८ ला सामी या अमेरिकन संस्थेनं ६२,००० पीएसआयची मर्यादा ठरवलीय, आणि दाब हा सरळ रेषेत वाढत नाही, शेवटी शेवटी थोड्या पावडरला एकदम उसळतो. पावडर कंपनीच्या छापील मॅन्युअलमधला कमाल आकडा हीच वेस, त्याच्या पुढं सॉफ्टवेअर कितीही गोड बोलू दे.

आता ६० फुटांचा फरक. माझी पैज, त्यानं बॅरलची लांबी बदलली नाही. सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक २४ इंच आधीच भरलेलं असतं. त्याची २२ इंची असेल तर .३०८ मध्ये इंचाला २०-२५ फूट जातात, म्हणजे ४०-५० तिथंच गेले. दुसरं म्हणजे केसचं पोट. उडवलेल्या केसमध्ये काठोकाठ पाणी भरून वजन करायचं, रिकाम्या केसचं वजा करायचं, जे येईल ते सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं. प्रत्येक कंपनीचं पितळ वेगळ्या जाडीचं, आर्मीची केस तर अजून जाड, तिच्यात जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. हे न मोजता काढलेला दाबाचा आकडा म्हणजे पंचांग बघून पाऊस सांगितल्यासारखं.

गोळी वर का लागतीय ते मला सांगता यायचं नाही. कदाचित बीसी चुकलाय, म्हणजे गोळी हवा किती सहज कापते तो आकडा. त्या बुलेटचा जी१ बीसी .५०५ आणि जी७ .२४३ च्या आसपास आहे, ह्या दोन वेगळ्या मोजपट्ट्या, लोकं ॲपमध्ये जी७ निवडतात आणि आकडा जी१ चा टाकतात.

उद्यमबागचा_फिटर

फोन लावला, उचलला नाही, तिकडं रात्र आहे. मेसेज टाकलाय. बीसीचं बघतो पण एक शंका, जी७ वर .५०५ टाकला तर ॲपला वाटेल गोळीला हवा अडवतच नाही, मग ॲप दुर्बिणीचे कमी क्लिक फिरवायला सांगेल आणि गोळी खाली लागेल. आमचं उलटं आहे की हो.

निपाणी_१०मीटर

बरोबर आहे तुझं. मग ते नव्हे. मी उलटं धरलं.

निवृत्त_गणपत

मराठा लाईट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, आता कंग्राळीत असतो. सॉफ्टवेअर-बिफ्टवेअर मला कळत नाही पण गोळी वर लागतीय हे वाचलं आणि हसू आलं. बाळ, तुझा भाऊ राहतो ते गाव किती उंचावर आहे? आमची पलटण इथनं लेहला गेली होती, ते साडेअकरा हजार फुटावर. खालच्या गावात जुळवलेला नेम (झिरो) तसाच तिथं घेऊन गेलं की लांबच्या टारगेटवर गोळ्या वर चढतात, नवीन पोरं म्हणायची रायफल बिघडली. रायफल बिघडत नाही रे, वरती हवा पातळ. गोळीला अडवायला कमी असतं, ती स्पीड राखून जाते, कमी पडते. आमचे उस्ताद एवढंच सांगायचे, वर गेलास तर खाली धर. डेन्व्हर पण उंचावरचंच ना?

उद्यमबागचा_फिटर

काका १ नंबर. डेन्व्हरला तिकडं माईल हाय सिटी म्हणतात, ५,२८० फूट. पण दादा म्हणतो मी हवेचा दाब टाकलाय की ॲपमध्ये, हवामानाच्या ॲपवरून बघून, १,०१५ मिलिबार. मग?

शहापूरचे_गणिताचे_सर

तिथंच मेख आहे. हवामानाचं ॲप जो दाब दाखवतं तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे हे गाव समुद्राकाठी असतं तर इतका असता, असा. नकाशावर सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून तसं करतात, विमानवाल्यांना आणि हवामानवाल्यांना सोयीचं. गोळीला मात्र खरीखुरी हवा लागते. आपल्या बेळगावचंच घ्या, गाव साधारण ७५० मीटरवर, मोबाईल १,०१० दाखवेल पण गच्चीवर बॅरोमीटर ठेवलात तर ९२५ च्या आसपास. डेन्व्हर १,६०० मीटरवर, तिथं खरा दाब ८३५ च्या जवळपास. त्यानं १,०१५ टाकला म्हणजे ॲपला वाटलं हवा आहे त्यापेक्षा वीसेक टक्के दाट आहे. दीड फूट त्यातच आला. ॲपमध्ये स्टेशन प्रेशर असं कुठंतरी असतं ते चालू करून ८३५ टाकायला सांगा, नाहीतर नुसती उंची द्या, दाब ते आपणच काढतं.

आणि एक, दमट हवा जड असते असं सगळ्यांना वाटतं, वर्गात दरवर्षी पोरं हेच उत्तर देतात. पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी, त्यामुळं जुलैतली आपली चिंब हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. गोळीवर त्याचा परिणाम नगण्य, पण वाद घालायला बरं.

आता एसडी ८ वर. तुमच्याकडं ५ पीस मोजून सीपीके (मशीन किती एकसारखं काम करतं तो आकडा) पास केला तर क्वालिटीवाला काय म्हणेल? ५ गोळ्यांतून ८ आला याचा अर्थ खरा एसडी ९५ टक्के खात्रीनं ५ ते २३ मध्ये कुठंही असू शकतो. कुठं ५ आणि कुठं २३! २० गोळ्यांतून ८ आला असता तर ६ ते १२, ते जरा बोलण्यासारखं. हजार यार्डावर १० फूट पर सेकंदाचा फरक म्हणजे उभ्यात साधारण ३-४ इंच, त्यामुळं हा आकडा महत्त्वाचा आहेच, पण ५ गोळ्यांवर खूश व्हायचं काही कारण नाही. त्यानं पावडर जराजरा वाढवत प्रत्येक मापाला ३ गोळ्या मारून, इथं स्पीड सपाट झाला म्हणजे हाच सुवर्णबिंदू, असं पण काहीतरी शोधलं असेल बघा. विचारा.

उद्यमबागचा_फिटर

सर तुम्ही फाईल बघितली का काय?? शीट नंबर ४ ला हिरवा रंग मारून ‘नोड’ लिहिलंय, प्रत्येकी ३ गोळ्या.

शहापूरचे_गणिताचे_सर

न बघताच कळतं. ३ गोळ्यांच्या सरासऱ्या ओळीनं मांडल्या की कुठंतरी दोन शेजारशेजारच्या सारख्या येणारच. परत तेच करायला सांगा, सपाट जागा दुसरीकडं निघेल.

खानापूर_बॉर्डर

चांगली चर्चा चाललीय. माझा पण एक प्रश्न, आमच्या शेतात रानडुक्कर ऊस लोळवायलेत, वडिलांच्या नावची लायसनवाली १२ बोअर आहे पण ती इलेक्शनला पोलीस स्टेशनात जमा असते आणि काडतूस मिळायला मारामार. हे सॉफ्टवेअर वापरून आपल्याला घरी काडतूस भरता येईल का? जुनी केस भरपूर पडल्यात.

चिकोडीचा_वकील

नाही. आणि हा प्रश्न परत असा उघड्यावर विचारू पण नका. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये ‘ॲम्युनिशन’च्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची मशिनरी पण येते. विनापरवाना उत्पादन केलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी ७ वर्षं, जन्मठेपेपर्यंत. बंदुकीचं लायसन वेगळं आणि काडतूस बनवायचं वेगळं, वडिलांचं लायसन पण गोत्यात येईल. डुकरासाठी फॉरेस्टवाल्यांकडं नुकसानभरपाईचा अर्ज करा, सातबारा म्हणजे आपल्याकडचा उतारा आणि फोटो जोडून. वेळ लागतो, पण तुरुंगापेक्षा कमी.

खानापूर_बॉर्डर

बरं बाबा. विचारलं फक्त.

निपाणी_१०मीटर

आणि शॉटगनचं गणित पण वेगळंय, क्विकलोड छऱ्याच्या काडतुसासाठी नाहीच.

आम्हा .२२ वाल्यांना तर हा प्रश्नच येत नाही, रिमफायरमध्ये प्राइमरचा मसाला केसच्या काठातच असतो, एकदा उडाली की संपली, परत भरायची सोय नाही. मग मोठे शूटर काय करतात तर लॉट टेस्टिंग. जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपनीचं केंद्र आहे, तिथं आपली बॅरल घेऊन जायचं, वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकेका बॅचच्या, गोळ्या तिच्यातून मारून बघायच्या, ज्या लॉटच्या गोळ्या एकाच जागी लागतात तेवढाच विकत घ्यायचा. एकाच कंपनीची, एकाच डब्याच्या नावाची गोळी, पण एका बॅरलला एक लॉट चालतो तर दुसरीला दुसरा. २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेऊन आला ना, त्या लेव्हलला ही असली बारीक कामं असतात. तिथं पण सॉफ्टवेअर नाही सांगत कुठला लॉट घे, कागदावरची भोकं सांगतात.

निवृत्त_गणपत

स्वप्निलनं मेडल घेतलं त्या दिवशी आमच्या गल्लीत मी पेढे वाटले, बायको म्हणाली आपला कोण लागतो. म्हटलं रायफलवाला आहे, एवढं बास.

उद्यमबागचा_फिटर

अपडेट देतो, उशीर झाला, मध्ये शिफ्ट होती.

दादाची बॅरल २२ च निघाली, निपाणीवाले भाऊ तुम्ही पैज जिंकलात. पाणी पण मोजलं, सॉफ्टवेअरमधल्यापेक्षा त्याच्या केसमध्ये जवळजवळ १ ग्रेन जास्त मावतंय. दोन्ही टाकल्यावर क्विकलोड २,७०० वरून २,६४८ वर आलं, म्हणजे मोजलेल्याच्या ८ फूट जवळ, पावडरीला हात न लावता. त्यानं वाढवली नव्हती अजून, मेसेज वेळेत बघितला. मॅन्युअल उघडून दाखव म्हटलं तर तो ज्या मापाला होता तेच कमालच्या अगदी जवळ होतं, पुढं गेला असता तर वेशीबाहेरच.

ॲपमध्ये ८३५ टाकून शनिवारी परत ८०० यार्डावर गेला. आता चार बोटं वर लागायलीय. काका, त्याला मी तुमचं लेहचं सांगितलं, तर म्हणतो पंधराशे डॉलरची दुर्बीण, वर सॉफ्टवेअर, आणि उत्तर कंग्राळीतनं आलं.

एसडीचं मात्र ऐकत नाही. २० गोळ्या एका मापाच्या मारायच्या म्हटलं तर म्हणतो बॅरल झिजते, प्राइमर महाग झालेत. सर, १० गोळ्यांत भागेल का काही?

शहापूरचे_गणिताचे_सर

१० आज, १० पुढच्या आठवड्यात, मापं तीच आणि पावडरचा डबा तोच. मधल्या काळात हिरवा रंग पुसून टाका म्हणावं. दोन्ही दिवसांचं तापमान लिहून ठेवायला सांगा, पावडर तापली की स्पीड बदलतो, नंतर परत तुमच्याकडंच फाईल येईल.