गरज सरो, वैद्य मरो? अमेरिका आणि फ्रान्स, १७७८ ते १८००

दौतटाक:
अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७८१ मध्ये, फ्रेंच आरमाराने समुद्र अडवला म्हणून यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस कोंडला गेला. १७७८ च्या तहात अमेरिकेने फ्रान्सच्या कॅरिबियन बेटांची 'कायमची' हमी घेतली होती. १७९३ ला फ्रान्सची इंग्लंडशी जुंपली आणि वॉशिंग्टन म्हणतात, आम्ही तटस्थ! वर पुढच्याच वर्षी त्यांचा दूत जॉन जे लंडनला जाऊन त्याच इंग्रजांशी करार करून आला. कृतघ्नपणा नाही तर काय?

खडूस म्हातारा:
उपकार कसले? सात वर्षांच्या युद्धात कॅनडा गेला, त्याचा सूड उगवायचा होता. (अवांतर: त्याच सुमारास त्यांचा दूत सेंट लुबिन पुण्यात नाना फडणविसांच्या दारी होता. इंग्रजांचा वैरी दिसला की फ्रेंच हजर.) आणि बेटं राखायला या, असं फ्रान्सने म्हटलंच कुठे? त्यांचा वकील (म्हणजे राजदूत) झने अमेरिकेत चार्ल्सटनला उतरला तो राष्ट्राध्यक्षांना भेटण्याआधीच इंग्रजी जहाजं लुटायचे परवाने वाटत सुटला. फ्रान्सची बाजू घेणारा परराष्ट्रमंत्री जेफरसनसुद्धा वैतागला.

सांजवेळ:
पैशाचं विसरलात दोघंही. १७९७ ला तीन अमेरिकी वकील पॅरिसला गेले, तर फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी आधी ५० हजार पौंड लाच मागितली, शिवाय देशाला भलंमोठं कर्ज. मगच बोलणी! राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्सने कागद काँग्रेसपुढे ठेवताना मध्यस्थांच्या नावांऐवजी एक्स, वाय, झेड घातलं.

दौतटाक:
लाच वाईटच. पण क्रम उलटा लावू नका. आधी जेचा करार, मग फ्रेंचांनी अमेरिकी जहाजं धरली. आणि जुलै १७९८ मध्ये तह एकतर्फी फाडला कोणी?

खडूस म्हातारा:
तीनशेवर जहाजं गेल्यावर काय आरती ओवाळायची? हां, त्याच महिन्यात सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा कायदा केला, त्याची मलाही लाज वाटते. पण स्वतःच्या पक्षातले लोक युद्धासाठी टपलेले असताना अ‍ॅडम्सने पुन्हा वकील पाठवले, हे धाडसच. १८०० ला फ्रान्समध्ये मोर्तफोंतेनला करार होऊन मिटलं.

सांजवेळ:
मिटलं कसं, तेही सांगा की. फ्रान्सने १७७८ च्या तहावरचा हक्क सोडला, अमेरिकेने जहाजांची भरपाई. भरपाई जहाजमालकांची, सोडणारं सरकार! ते दावे अखेर न्यायालयाकडे गेले १८८५ साली. तोवर मालकांचे नातूही म्हातारे झाले असतील.