‘वडिलोपार्जित नदी’ चालेल का?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातल्या पूर्व किंबर्लीच्या आदिवासी चित्रकारांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘अ‍ॅन्सेस्ट्रल रिव्हर’ आणि ‘लँडस्केप’ हे शब्द अडतात. ‘वडिलोपार्जित नदी’ आणि ‘निसर्गचित्र’ चालतील का? आणि ‘ऑकर’ म्हणजे गेरूच ना?

उत्तर : ‘वडिलोपार्जित’ नकोच. तो सातबाऱ्याचा शब्द आहे, त्यामागे वाटणी येते. पूर्व किंबर्लीतल्या गिजा या आदिवासी लोकांच्या ‘न्गारंगार्नी’त, म्हणजे सृष्टी घडण्याच्या काळात, आदिपूर्वज त्या भूमीवरून चालले, थांबले, त्यातून डोंगर, डोह, नद्या घडल्या, आणि ते आजही त्या जागांत आहेत. नदी माणसांची नाही, माणसं नदीची. ‘आदिपूर्वजांची नदी’ लिहा. पहिल्यांदा येईल तिथं ‘आदिपूर्वजांनी घडवलेली’ एवढं उलगडून सांगा. ‘कंट्री’ला, म्हणजे ही माणसं ज्या भूमीची स्वतःला मानतात तिला, मात्र ‘मुलूख’च. ‘देश’ म्हटलं की राष्ट्र डोळ्यांपुढे येतं आणि ‘प्रदेश’ फार सरकारी आहे.

उत्तर : मुलूख पटला. मग ‘निसर्गचित्रा’ऐवजीही ‘मुलुखाचं चित्र’ म्हणा. निसर्गचित्र म्हटलं की एका जागी उभं राहून पाहिलेलं क्षितिज, झाडं, आकाश असं मनात येतं. या शैलीत नदी वरून पाहिलेली असते, तर तिच्याच शेजारचा डोंगर कधी बाजूनं दिसतो. क्षितिज बहुधा नसतंच. पूर्व किंबर्लीचे नामवंत चित्रकार रोव्हर थॉमस यांच्या 1991च्या चित्राच्या नावातलं ‘टॉप साइड’ मराठीत ‘वरच्या अंगानं’ असं सहज येतं : ‘वरच्या अंगानं येणारा तो सगळा मोठा पाऊस’. एक खबरदारी घ्या : त्यांना गिजा चित्रकार म्हणू नका. ते पूर्व किंबर्लीतल्या वॉर्मन या वस्तीत राहिले, रंगवलं ते बरंचसं गिजांच्या मुलखात. पण जन्म ग्रेट सँडी वाळवंटातल्या कॅनिंग स्टॉक रूट या गुरं हाकायच्या जुन्या वाटेवरचा.

उत्तर : रंगांविषयी. ‘ऑकर’ला सरसकट गेरू म्हटलं की घोटाळा होतो. लाल असेल तर गेरू किंवा काव, पिवळा असेल तर पिवडी. सगळ्यांना मिळून ‘मातीचे रंग’. पांढऱ्याला चुना म्हणू नका. चुना भाजून करतात, ही नुसती पांढरी चिकणमाती असते. काळा बहुधा कोळशाचा. दगड कुटून, वाटून वस्त्रगाळ पूड करायची आणि पाण्यात कालवून बांधणीला झाडाचा डिंक घालायचा. पुढे लाकडाचा पांढरा गोंद आला. गोंद कमी पडला की रंग बोटाला लागतो, पूड झडते. जास्त झाला तर चकाकी येते आणि मातीचा खरखरीतपणा जातो. नदीच्या पट्ट्याच्या कडेचे पांढरे ठिपके खालचा थर पूर्ण वाळल्यावरच द्यायचे, नाहीतर गेरू वर चढून ठिपका गुलाबी होतो.

प्रश्न : मग चित्राखालच्या ओळीत ‘कॅनव्हासवर गेरू’ लिहू की नको?

उत्तर : ‘कॅनव्हासवर मातीचे नैसर्गिक रंग’ लिहा. कशात बांधलेत ते मूळ नोंदीत असेल तरच ‘डिंकात’ किंवा ‘गोंदात’ जोडा. अंदाजानं नको, कारण थॉमस यांच्या पिढीत दोन्ही सापडतात. आणि सुरुवातीच्या कामांत कॅनव्हासही धरून चालू नका. बरीच चित्रं प्लायवूडच्या फळ्यांवर आहेत.