हेडलाइट मंद, फ्यूज मात्र शाबूत

प्रश्न: माझ्या १९६७ च्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे दोन्ही हेडलाइट डिपरवर मंद जळतात आणि अप्पर दिल्यावर डावा पूर्ण विझतो, काचेचे सर्व फ्यूज शाबूत असताना दोष कुठे शोधावा?

उत्तर १: त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटच्या सर्किटला फ्यूजच नसे. दिवे चालू ठेवून, दिव्याची काळी अर्थ वायर (गाडीच्या सांगाड्याला जोडलेली, वीज परत नेणारी तार) आणि बॅटरीचे अर्थ टोक यांच्यातील व्होल्टेज मोजावे. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त भरले, तर अर्थचा एखादा जोड बहुधा गंजला किंवा सैल झाला आहे.

उत्तर २: अप्परच्या निळ्या-पांढऱ्या वायरीचा जोडही उघडून पाहावा. पुढे फ्यूज बसवलात तर एक काळजी घ्या: ३५ अँपिअर लिहिलेला जुना ब्रिटिश फ्यूज सतत १७ अँपिअरच पेलतो, म्हणून त्याच्या जागी आधुनिक ३५ चा, म्हणजे सतत ३५ च्या आसपास पेलणारा फ्यूज घालणे धोक्याचे आहे.

प्रश्नकर्ता: अर्थवर १.८ व्होल्ट मिळाले. जोड घासताच दोन्ही दिवे उजळले, मनापासून आभार.