संथ व्हीलीत उजवा पाय महत्त्वाचा

व्हीली म्हणजे पुढचं चाक उचलून बाइक फक्त मागच्या चाकावर चालवणं. त्यासाठी एक सल्ला दिला जातो की चाक उचललं की थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) वाढवत राहा. संथ, म्हणजे कमी वेगातली व्हीली तशी जमणार नाही. पहिला गिअर, धावण्याइतका वेग, क्लचचा हलका झटका आणि उजवा पाय सतत मागच्या ब्रेकवर. बाइक मागे जातेय वाटलं की ब्रेक दाबायचा, पुढचं चाक लगेच खाली येतं. हे पायाला विचार न करता जमायला हवं, म्हणून आधी चाक वीतभर उचलून ब्रेकनेच खाली आणायचा सराव करा. उंचीची घाई कृपया नको. समतोल बिंदूपाशी, म्हणजे बाइक मागच्या चाकावर तोलून राहते तिथे, थ्रॉटल फारसा लागतच नाही. स्टंटवाले मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं बसवतात ते कमी वेगात जास्त ओढ मिळावी म्हणून. लांब व्हीलीत इंजिन ऑइल मागे सरकतं आणि इंजिनला कमी पडू शकतं, त्यामुळे ऑइलची पातळी तपासा. रस्त्यावर मात्र अजिबात नको, बंद मैदानच शोधा.