खासगी आरोग्य विमा सगळ्यांनी मिळून सोडायचा का?

कणकवलीकर
गेल्या पावसात बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रातोरात फोंडा घाटातून कोल्हापूरला नेलं, स्टेंट घातला, आता बाबा ठीक आहेत. पण डिस्चार्जच्या दिवशी खासगी विमा कंपनीने बिलातून जे कापलं ते बघून डोकं सुन्न झालं. पॉलिसी तीन लाखांची, रूमभाड्याची मर्यादा एक टक्का म्हणजे दिवसाला 3,000, आणि रिकामी होती ती रूम 5,000 ची. वरचे दोन हजार आपण भरायचे एवढंच नसतं हो, डॉक्टरांची फी, ओटीचे चार्जेस, नर्सिंग, सगळ्याचे 60 टक्केच मंजूर, कारण 5,000 ला 3,000 हे प्रमाण! हे पॉलिसी विकताना कोणी तोंडातून काढत नाही. आणि पुढच्या रिन्युअलला प्रीमियम वाढवून हजर.

ऑगस्ट 2025 मध्ये हॉस्पिटलांच्या संघटनेने उत्तर भारतातल्या आपल्या सभासदांना सांगितलं की अमुक कंपनीची कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरायची सोय, 1 सप्टेंबरपासून बंद करा, आणि ती मोठी कंपनी लगेच चर्चेला बसली. हॉस्पिटलं एकत्र येऊन हे करू शकतात तर पैसे भरणारे आपण का नाही? एका वर्षी सगळ्यांनी ठरवून प्रीमियम भरायचाच नाही. मला खरंच वाटतं हे जमू शकेल.

चिपळूणचा_एजंट
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आधी कामाचं सांगतो. औषधं, स्टेंट, तपासण्या आणि आयसीयूचे चार्जेस या प्रमाणात कापता येत नाहीत, तसा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. बिल परत काढून बघा, त्यातलं काही कापलं असेल तर कंपनीला लेखी तक्रार करा, महिन्याभरात दाद नाही दिली तर विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात.

पण बहिष्काराला माझा ठाम विरोध. पॉलिसी खंडित झाली की जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ, पुन्हा पहिल्यापासून, तो 36 महिन्यांपर्यंत असू शकतो. सलग 60 महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही, ते संरक्षण पण गेलं. कंपनीचं एका वर्षाचं नुकसान, तुमच्या बाबांचं आयुष्यभराचं.

रत्नागिरीची_सिस्टर
मी वॉर्डात काम करते. पहिले सोडणार ते तरुण आणि धडधाकट, कारण त्यांना काही होणार नाही असं वाटतं. डायबेटिसवाले, डायलिसिसवाले सोडूच शकत नाहीत. मग उरलेल्या आजारी लोकांचा प्रीमियम आणखी वाढणार. तुमच्या बहिष्काराची किंमत तेच भरणार, हे मला अजिबात मान्य नाही.

वेंगुर्ल्याची_सुमन
ह्या सगळा वाचून माका एकच विचारूचा आसा, पॉलिसी सोडली आणि उद्या कोणाक अ‍ॅटॅक इलो तर जावचा खय?

कणकवलीकर
सुमनताई, प्रश्न बरोबर आहे तुमचा. सिस्टर आणि एजंटदादांचं पण पटतंय, म्हणून बोलणं थोडं बदलतो. सोडायची नाही, हलवायची. पोर्टेबिलिटी, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीत नेण्याची सोय, 2011 पासून आहे, वेटिंग पिरियडचं क्रेडिट सोबत येतं. आणि हे आकडे बघा, 2023-24 मध्ये फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांनी गोळा केलेल्या 100 रुपयांतले साधारण 65 क्लेमवर खर्च केले, सरकारी कंपन्यांचे 100 च्या वर गेले. मग आपला प्रीमियम सरकारी कंपनीत का नको? न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड, चार आहेत. जिल्ह्यातल्या लोकांनी एकाच वर्षात आपापल्या रिन्युअलला हलवल्या तर खासगीवाल्यांना कळेल.

चिपळूणचा_एजंट
100 च्या वर म्हणजे आलेल्या प्रीमियमपेक्षा जास्त क्लेम जातात, तोटाच की तो. असं किती वर्षं चालणार? उद्या त्यांनाही प्रीमियम वाढवावाच लागणार. आणि पोर्ट करणं म्हणजे हक्क नाही, नवी कंपनी वय, आजार बघून नाही म्हणू शकते.

मालवणी_मास्तर
मला वाटतं भांडण चुकीच्या ठिकाणी चाललंय. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. सत्तरीच्या वरच्यांना केंद्राची आयुष्मान योजना. तरी माणूस विमा का घेतो? कारण जिल्ह्यात मोठं ऑपरेशन करायला माणूस आणि मशीन नाही. सिंधुदुर्गातला पेशंट आधी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला पळतो, आणि 2018 मध्ये गोव्याने बाहेरच्यांना फी लावली तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर आले होते, ते आंदोलन मला आजही बरोबर वाटतं. आपल्या जिल्ह्यात ओरोसला मेडिकल कॉलेज झालं, तिथे कार्डिओलॉजिस्ट कायमचा बसवा म्हणून एकत्र या. विमा कंपनी काय, घाट उतरून येणार नाही तुमच्यासाठी.

देवगड_हापूस
मास्तर, ते होईपर्यंत वाडीवाडीने निधी काढूया ना. घरटी महिन्याला पाचशे, लागेल त्याला द्यायचे. भिशी चालवतोच आपण.

रत्नागिरीची_सिस्टर
दोनशे घरं धरली तर वर्षाचे 12 लाख. खासगीत एका बायपासला तीन-चार लाख सहज जातात. एकाच वर्षी चार जण आले की पाचव्याला काय सांगणार? आणि विम्यासारखं वचन देऊन पैसे गोळा करायला लायसन लागतं. मदतनिधी म्हणून ठेवा, गाडीभाडं, नातेवाइकांचं राहणं-जेवण यासाठी फार उपयोगी पडेल, ते जरूर करा.

कणकवलीकर
मास्तर, ओरोससाठी सही करायला मी पहिला येतो. पण हॉस्पिटल सुधारेपर्यंत कंपनीने काहीही कापायचं आणि आपण गप्प बसायचं हे मला मान्य नाही. निदान ज्यांचे क्लेम कापलेत त्या सगळ्यांनी एकाच महिन्यात लोकपालाकडे जाऊया. एकटा माणूस कंटाळतो, त्यावरच कंपन्या चालतात.

चिपळूणचा_एजंट
यात मी तुमच्याबरोबर. फॉर्म भरायला कोणाला मदत लागली तर चिपळूणला या, पैसे घेणार नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, तेवढं बघा. पोर्टिंगला मात्र अजून नाहीच म्हणतो.

वेंगुर्ल्याची_सुमन
माज्या आयेचा वय 71, बीपी आसा. रिन्युअल एप्रिलात. हलवू काय नको?

चिपळूणचा_एजंट
आईंची हलवू नका. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढवायचा तर कंपनीला आयआरडीएआयला विचारावं लागतं, जानेवारी 2025 पासून. भरत राहा. सोबत आयुष्मान कार्ड पण काढून ठेवा, आधार लागेल.

कणकवलीकर
मी म्हणतो सुमनताईंची स्वतःची पॉलिसी असेल तर ती हलवावी. वय कमी, आजार नाही, नवी कंपनी सहसा नाही म्हणणार नाही. दीड-दोन महिने आधी अर्ज करा आणि तिकडून हो आल्याशिवाय जुनी सोडू नका.